मॉडेल विमानांसाठी कापडी धावपट्टी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मैदानावर विणलेल्या जिओटेक्स्टाइल कापडाची, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्यांच्या कापडाची, धावपट्टी अंथरून आठ महिने झाले. त्याआधी आम्ही गवतावरूनच उडवायचो. सव्वा मीटर पंखांच्या फोमच्या विमानाची चाकं लिंबाएवढी. गवतात चाक अडलं की नाक खाली आणि प्रॉपेलरचं पातं मोडलं, हे जवळजवळ दर सुट्टीला ठरलेलं. डांबर किंवा काँक्रीट आवाक्याबाहेर होतं आणि जागा भाड्याची, त्यामुळे कायमचं काही करताही येत नव्हतं. कापड निदान उचलून नेता येतं.

कापडावर मी खूश आहे. पण हे काम कापडाचं कमी आणि मातीचं जास्त आहे, हे आधी कुणी बजावलं असतं तर बरं झालं असतं. कापड अंथरायला आम्हाला एक दिवस लागला, जमीन तयार करायला पाच आठवडे. गवत मुळासकट काढलं, दोरी आणि पाणसळ लावून मध्य कडांपेक्षा ८ सेंटीमीटर उंच ठेवला, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जातं. रोलर मात्र वापसा येईपर्यंत फिरवू नका. आम्ही पहिल्यांदा घाई करून कोरड्या मातीवर फिरवला, वरची ढेकळं फक्त फुटली, खालचा भाग भुसभुशीतच राहिला. ओल्या चिखलावर माती रोलरलाच चिकटते. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा, तेव्हा रोलर खरं काम करतो. कोपऱ्यांत हाताने ठोकायची धुम्मस वापरली. एवढं करूनही जे खळगे राहिले, ते महिन्याभरात कापडावर दिसायला लागले.

पट्टी ६० मीटर लांब, ८.४ मीटर रुंद आहे. ३ मीटर रुंदीच्या तीन पट्ट्या लांबीने टाकल्या, प्रत्येक जोडाला ३० सेंटीमीटर एकमेकींवर चढवून. दोन रुंद पट्ट्या घेतल्या असत्या तर जोड नेमका मधोमध आला असता, आणि उतरताना चाकं तिथेच टेकतात. मधली पट्टी वर ठेवली, कौलांसारखी, म्हणजे पाणी जोडात शिरत नाही. कडा १५ सेंटीमीटर खोल चरात दुमडून पुरल्या. वारा कापडाच्या खाली शिरला की संपलंच, म्हणून या चरात कसूर नको.

एक चूक झाली. सकाळच्या गारव्यात ताणून ठोकलं आणि भर दुपारी कापडाला चुण्या पडल्या. काळं कापड उन्हात सैलावतं. अर्धे खिळे उपटून दुपारी पुन्हा ताणलं, तेव्हापासून सपाट आहे.

खरा त्रास खिळ्यांनी दिला. २० सेंटीमीटरचे खिळे वॉशर घालून ठोकले होते, जोडावर दर ३० सेंटीमीटरला एक. पावसाने माती फुगली, उन्हाने आकसली, आणि एकेक खिळा हळूहळू वर यायला लागला. एकदा माझ्या विमानाचं शेपटीचं चाक अशाच एका वॉशरला अडकून तारेसकट निघालं. आता संध्याकाळी ऊन तिरपं झालं की पट्टीच्या टोकाला उकिडवं बसतो. उचललेल्या प्रत्येक खिळ्याची सावली कापडावर लांब पडते, अर्ध्या सेंटीमीटरचाही सुटत नाही. हातोडी घेऊन सरळ त्या सावल्यांकडे चालत जायचं. नवीन ठिकाणी मात्र यू आकाराच्या पिना वापरतोय. दोन पायांमुळे त्या मातीत जास्त घट्ट बसतात.

लव्हाळ्याची टोकं कापड भोसकून वर आली, मधूनमधून उपटावी लागतात. बाकी तण दबून गेलं. गवत कापायचं यंत्र एकदा कडेजवळ नेलं आणि पात्याने हातभर कापड ओढून फाडलं. फाटलेल्या कडा तापवलेल्या सुरीने वितळवून बंद केल्या, नाहीतर धागे सुटतच जातात, आणि वरून ठिगळ लावलं. आता कडेचं गवत विळ्यानेच कापतो. पॉलिप्रॉपिलीनवर रंगही टिकत नाही. मध्यरेषा पावसाआधीच पापुद्र्यांनी निघाली, म्हणून सीमारेषेला बाहेरच्या मातीवर फक्की मारतो.

घेताना कापड उन्हाला टिकणारं आहे ना, हे विचारूनच घ्या. काजळीचा अंश नसलेलं साधं पॉलिप्रॉपिलीन उघड्यावर लवकर ठिसूळ होतं. आमच्या कापडाला मी नखाने खरवडून पाहतो, अजून धागा तुटत नाही. टर्बाइनची जेट विमानं मात्र यावर उभी करून सुरू करू नका. त्यांचा झोत फार तापलेला असतो आणि हे कापड १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. आणि चाकं नसलेली, पोटावर उतरणारी फोमची विमानं बाजूच्या गवतातच उतरवा, विणीवर त्यांचं पोट घासून निघतं.

चाकांच्या विमानांना मात्र ही पट्टी फार मानवली आहे. नवशिके आता मनासारखे टेकवून पुन्हा उचलण्याचा सराव करतात, आणि प्रॉपेलरची सुटी पाती डब्यात तशीच पडून आहेत. पुढच्या पावसाच्या आत सगळे खिळे काढून पिना ठोकायच्या आहेत. एक जोड पुरा झाला, दुसरा निम्मा राहिलाय.