जळका थर निघाला, पण हातमोज्यांशिवाय हात लावू नका : ओव्हन क्लीनर फोमचा अनुभव

आमच्या ओव्हनच्या तळाला कित्येक महिन्यांचं तेल जळून बसलं होतं. काळा, काचेसारखा कडक थर. भांड्यांचा साबण लावून पाहिला, गरम पाण्याचं फडकं तासभर ठेवून पाहिलं, काही हललं नाही. शेवटी कॉस्टिक सोडा असलेला फोम आणला. तीन महिन्यांत तो तीनदा वापरला, त्यातल्या पहिल्या वेळी चुकीचा.

काम तो चोख करतो, हे आधी सांगते. ओव्हन पूर्ण गार करून प्लग काढला, जाळ्या बाहेर घेतल्या, तळाला फोम मारला आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे अर्धा तास थांबले. पांढरा फोम हळूहळू तपकिरी होत गेला. फडकं फिरवलं तर थर शेवाळासारखा घसरून आला आणि खालचे निळ्या एनॅमलवरचे पांढरे ठिपके दिसले. हे ठिपके आहेत हेच मी विसरून गेले होते. कॉस्टिक सोडा तेलाचा साबण करतो, म्हणून फडक्यातलं पाणी इतकं बुळबुळीत लागतं. घासायला जोर लागतच नाही.

पण जो सोडा जळक्या तेलाचा साबण करतो, तो कातडीलाही सोडत नाही. वरची बाजू पुसताना मी हात उंच केला आणि एक ओघळ मनगटावरून हातमोज्याच्या आत उतरला. आधी नुसतं बुळबुळीत वाटलं, म्हणून दुर्लक्ष केलं. दोन मिनिटांत आग व्हायला लागली. मोजा काढून वीस मिनिटं नळाखाली हात धरला, तरी लाल पट्टा आठवडाभर राहिला. तेव्हापासून लांब हातमोजे घालते आणि त्यांची कड बाहेर दुमडते, म्हणजे ओघळ तिथेच अडतो. डोळ्यांना चष्मा, खिडकी उघडी, आणि फवारताना डोकं ओव्हनच्या बाहेर. पहिल्या वेळी मी आत वाकून फवारलं होतं. घसा संध्याकाळपर्यंत खवखवत होता.

दुसरी चूक ट्रेची. ॲल्युमिनियमचा ट्रेही सोबतच साफ होईल म्हणून त्याच्यावर फोम मारला. लगेच बुडबुडे फसफसले आणि ट्रे काळपट, खरखरीत झाला. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. डब्यावर ही सूचना आहे, पण मागच्या बाजूला, सगळ्यात बारीक अक्षरांत. ती पुढे मोठ्या अक्षरांत हवी होती, आणि या एका गोष्टीसाठी माझा कंपनीवर राग आहे.

हीटिंग कॉइल, पंखा, दिवा आणि दाराची रबरी पट्टी यांच्यावर फोम अजिबात जाऊ देऊ नका. ओव्हनच्या आतल्या भिंती खरखरीत, बिनचमकीच्या असतील तर त्या बहुधा कॅटॅलिटिक असतात, म्हणजे उष्णतेत तेल आपोआप जाळणाऱ्या. त्यांच्यावर क्लीनर चालत नाही, सूक्ष्म छिद्रं बुजतात. सेल्फ-क्लीन ओव्हनसाठीही कंपनीची पुस्तिका बघितल्याशिवाय फोम नको. तो ओव्हन ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून घाण राख करतो. आत क्लीनर उरला असेल तर त्याचीही वाफ होणार.

सगळ्यात जास्त वेळ पुसण्याला द्या, फवारण्याला नाही. मी स्वच्छ पाण्याचं फडकं चार-पाच वेळा फिरवते. बोटाला (मोजा घालूनच) बुळबुळीत लागतंय तोवर सोडा शिल्लक आहे. मग व्हिनेगरच्या पाण्याचा एक हात, पुन्हा साधं पाणी. वाळल्यावर पांढरी झाक दिसली तर परत पुसायचं. त्यानंतर खिडकी उघडी ठेवून रिकामा ओव्हन थोडा वेळ तापवते. ब्लीच मात्र या सगळ्याच्या जवळपासही आणू नका. व्हिनेगरशी मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो.

दाराच्या काचेसाठी मला फोम लागत नाही. खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट रात्रभर लावून ठेवली की सकाळी ओल्या स्पंजने निघते. तारेची घासणी काचेवर कधीच नको, ओरखडे पडलेली काच तापल्यावर तडकू शकते. तळाच्या जुन्या थरावरही पेस्ट वापरून पाहिली. वरवरचं निघालं, कडक काळं तसंच राहिलं. तिथे फोमला तोड नाही.

थर काढण्यासाठी पाचपैकी पाच, सूचनांसाठी दोन. हलकी घाण असेल तर घेऊ नका, खाण्याचा सोडा पुरे. माझ्या डब्यात अजून निम्मा फोम आहे. तो मुलांचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवलाय, आणि त्याच्यावर जाड मार्करने लिहिलंय : ॲल्युमिनियमला नाही.