‘कालवडच होणार, वहिनी’

हिंगण्याच्या पुढे आमचं गाव. घरी चार संकरित गाई, दूध नागपुरात जातं. मालक एमआयडीसीत कामाला, त्यामुळे कोठा माझ्याकडे. गेल्या दिवाळीपासून आमच्यासोबत जे घडलं ते लिहिते आहे, कारण गाई कृत्रिम रेतनाने भरवणारा तो माणूस अजून गावोगाव फिरतो आणि आमच्या भागातल्या कितीतरी बाया गाय माजावर आली की अजून त्यालाच फोन लावतात.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. गौरी सकाळपासून हंबरत होती, दूध अर्ध्यावर आलं होतं. शेजारच्या काकूंनी त्याचा नंबर दिला. त्यांच्याकडे त्याच्याच कांडीने, म्हणजे वळूचं गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळीने, कालवड झाली होती. तो मोटरसायकलवर आला, दांडीला एक स्टीलचा थर्मास लटकवलेला. म्हणाला, “वहिनी, ही कालवडीचीच कांडी आहे. गोऱ्हा झाला त पैसे वापस.” एका कांडीचे 1200 रुपये. सरकारी दवाखान्यातली साधी कांडी याच्या कितीतरी खाली मिळते, पण दूधवाल्याच्या घरी गोऱ्हा झाला की काय होतं ते मला ठाऊक आहे. त्याला पाजायचं दूध जातं आणि शेवटी घ्यायला कोणी येत नाही. मी पैसे दिले.

फेब्रुवारीत चंद्री माजावर आली, तिलाही त्याच्याकडूनच भरवलं. एकवीस दिवसांनी उलटली, म्हणजे गाभ न राहता परत माजावर आली. पुन्हा भरवलं, पुन्हा एकविसाव्या दिवशी उलटली. एप्रिलच्या सुरुवातीला तिसऱ्यांदा भरवल्यावर तो पंचविसाव्या दिवशी आपणहून आला, चंद्रीच्या कुशीत दोन-तीनदा मूठ दाबली आणि म्हणाला, “गाभण आहे.” त्याचे 300 वेगळे घेतले. आम्ही खूश झालो आणि तिच्या माजावर लक्ष ठेवणंच सोडलं.

जूनमध्ये एका रात्री चंद्री पहाटेपर्यंत हंबरत राहिली. उजाडल्यावर पाहिलं तर शेपटीला बळस, म्हणजे माजाचा चिकट स्राव, लागलेला. काचेसारखा स्वच्छ नव्हता, गढूळ होता, आत पांढरे कण. त्याला फोन केला तर म्हणाला, “गर्भ पडला वहिनी, तुमच्या कुटाराला बुरशी असंन.” मी ते खरं मानलं. त्या आठवड्यात सगळं कुटार, म्हणजे जनावरांचा भुसा, बाहेर काढून उन्हात घातलं, दोन पोती फेकली. सासूबाई म्हणू लागल्या, चंद्री वांझ निघाली, विकून टाका. बाईमाणसाच्या वाट्याला जे बोल येतात तेच त्या मुक्या जनावराला लागले, आणि मी गप्प बसले याचं मला आजही वाईट वाटतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गौरी व्याली. नऊ महिने नऊ दिवस अगदी बरोबर भरले होते. गोऱ्हा झाला. पैसे मागितले तर तो म्हणाला, “दहात एखादा होतेच.” हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खऱ्या वर्गीकृत कांडीतही, म्हणजे मादीचे शुक्राणू वेगळे काढून भरलेल्या कांडीतही, शंभरात नव्वदच्या आसपास माद्या होतात, शंभर नाही. म्हणूनच एका गोऱ्ह्यावरून त्याला धरता येत नव्हतं.

मग मी वही घेतली. आमचं गाव आणि आजूबाजूची तीन गावं, जिथे जिथे त्याने गाई भरवल्या होत्या तिथे दूध घालायला जाता-येता विचारलं. तेरा वासरं सापडली. सात गोऱ्हे, सहा कालवडी. त्या आकड्यांपाशी मी बराच वेळ बसून राहिले. साधी कांडी वापरली तरी अर्ध्या कालवडी होणारच. त्या अर्ध्या घरांत तो देव ठरतो, आमच्या काकूंसारखी माणसं त्याचा नंबर वाटतात, आणि उरलेल्यांना ‘दहात एखादा’ ऐकवून गप्प करता येतं. काहीच न करता त्याची निम्मी भविष्यवाणी खरी ठरत होती.

एक रिकामी कांडी गव्हाणीमागे पडलेली मला सापडली होती. ती आणि चंद्री, दोन्ही घेऊन मी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी कांडीवरचे बारीक छापील आकडे वाचले, वळूचा नंबर पाहिला. कांडी साधीच होती. मग त्यांनी मला नीट समजावलं. वासरू नर की मादी हे गाईवर नसतं, वळूच्या शुक्राणूवर असतं. मादीचा शुक्राणू आणि नराचा शुक्राणू यांच्यातल्या डीएनएमध्ये जेमतेम 4 टक्क्यांचा फरक असतो. रंग देऊन, लेसरच्या उजेडात एकेक शुक्राणू मोजणाऱ्या यंत्राशिवाय ते वेगळे होत नाहीत. साध्या कांडीत साधारण 2 कोटी शुक्राणू असतात तर वर्गीकृत कांडीत फक्त 20 लाखांच्या आसपास, म्हणून ती साध्या कांडीपेक्षाही जपून हाताळावी लागते.

थर्मासबद्दल सांगितलं तेव्हा त्या डोक्याला हात लावून बसल्या. कांडी उणे 196 अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहते. कॅनचं झाकण उघडलं की पांढरी वाफ उसळते. बाहेर काढल्यावर 37 अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसायची, लगेच भरायची. एकदा वितळलेली कांडी परत गोठवता येत नाही. त्याच्या थर्मासमधून मी कधीच वाफ पाहिली नव्हती. तो झाकण फिरवायचा, आत चिमटा न घालता दोन बोटांनीच कांडी उचलायचा, आणि ती हातात ओली असायची, थंडसुद्धा नाही. एप्रिलच्या नागपुरी उन्हात नागपूरजवळच्या वाडीपासून आमच्या गावापर्यंत आलेली कांडी. तिच्यात जिवंत काय उरलं असणार? गौरीच्या वेळी थंडी होती, बहुतेक म्हणूनच ती फळली.

बाईंनी हात घालून तपासलं. चंद्रीच्या गर्भाशयाला सूज होती. तो रेतनाच्या नळीवरचं प्लॅस्टिकचं आवरण बदलत नव्हता, फडक्याने पुसून तेच पुन्हा घालत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं. गर्भ पडलाच नव्हता, कारण तो राहिलाच नव्हता. पंचविसाव्या दिवशी बाहेरून मूठ दाबून गाय गाभण आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. सोनोग्राफीने महिन्याच्या आसपास कळतं, सरावलेल्या हाताला आतून तपासून दीड-दोन महिन्यांनी. माझं कुटार चांगलं होतं.

त्या 5100 रुपयांपेक्षा जास्त जीव जळतो तो फेब्रुवारीपासूनच्या महिन्यांसाठी. ढेप रोज चालूच होती. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले, आणि त्याला नेमके तेच दिवस मिळत होते. माज यायचा, तो पैसे घेऊन जायचा, पुढचे तीन आठवडे कोणी त्याला काही विचारूच शकत नाही. आणि गोऱ्हा की कालवड, त्याला तर नऊ महिने.

आता जो कोणी भरवायला येतो त्याला मी आधी झाकण उघडायला लावते. वाफ दिसली नाही तर जनावराला हात लावू देत नाही. नवं आवरण, नवा हातमोजा माझ्यासमोर. कांडी फेकू देत नाही, तारीख लिहून वहीत चिकटवते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर पाहून नोंद करायला सांगते. त्या माणसाने तो बिल्ला कधी वाचलासुद्धा नव्हता. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तो मात्र सवड होईल तेव्हा यायचा, एकदा तर माज ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी. गावात डॉक्टर नसतील तर 1962 वर फोन लावा, फिरतं पथक येतं.

चंद्रीवर औषधपाणी झालं. एक माज मुद्दाम सोडला, पुढच्या माजाला दवाखान्यातली साधी कांडी भरली. परवा बाईंनी हात घालून तपासलं आणि बोटांवर महिने मोजून दाखवले, अडीच. आषाढाच्या पानावर मी खूण केली आहे. सासूबाई तिला आता रोज गुळाचा खडा देतात.