चार नावांचं एक जहाज, एका फ्रेममध्ये

रविवार कारंजाजवळच्या फ्रेमवाल्या काकांकडे चार फोटो दिले होते. काकांनी निरखून विचारलं, "साहेब, बूड एकच दिसतंय, वरचं बदललंय ना?" इंजिनरूममध्ये हयात घालवलेल्या माझा ऊर भरून आला. जहाज एकच! १९१४ साली अमेरिकेत बांधलेलं मालवाहू 'मेदिना', मग प्रवासी 'रोमा', मग 'फ्रांका सी', शेवटी पुस्तकांनी भरलेलं 'डुलोस'. वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पण जहाज २००९ पर्यंत समुद्रात होतं. आता इंडोनेशियातल्या बिंतान बेटावर त्याचं हॉटेल झालंय.

सागवानी पट्टी, चकाकी न मारणारी काच, सांधे अगदी घट्ट. दोन दिवस उशीर झाला, फोटोभोवतीचा पुठ्ठा, म्हणजे माउंटही थोडा फिका आलाय. तरी आजोबांचा फोटो पुढच्या आठवड्यात तिथेच देणार.