दोन खोल्यांच्या घरासाठी कोणते मासिक?
मिलवॉकीहून १९३४ साली सुरू झालेले 'मॉडेल रेलरोडर' आणि १९४९ पासूनचे ब्रिटिश 'रेल्वे मॉडेलर' या छोट्या प्रतिकृती-रेल्वेच्या छंदाला वाहिलेल्या मासिकांपैकी एकच घ्यायचे असेल, तर मुंबईत दोन खोल्यांत राहणाऱ्या छांदिष्टाने दुसरे निवडावे, असे मला मनापासून वाटते. अमेरिकी मासिकातले मोठे आराखडे बहुधा तळघर गृहीत धरतात, आणि दादरच्या चाळीत तळघर नसते. उलट, 'रेल्वे मॉडेलर'चे माजी संपादक सिरिल फ्रीझर यांनी भिंतीलगतच्या फळीवर मावतील अशा छोट्या शाखामार्गांच्या आराखड्यांना जो मान मिळवून दिला, त्याबद्दल माझ्यासारखे वाचक त्यांचे ऋणी आहेत. प्रतिकृतीचे प्रमाण मात्र तपासावे: अमेरिकेत रूढ असलेले एचओ १:८७, ब्रिटनमधले ओओ १:७६; रुळांमधले अंतर दोन्हींत १६.५ मिमी, म्हणजे आपल्या १,६७६ मिमीच्या ब्रॉडगेजच्या प्रतिकृतीसाठी दोन्ही अरुंदच.