दुसरं सिझर झालं, आणि यावेळी एकही उलटी नाही

पहिलं सिझर 2021 मध्ये दुसऱ्या एका हॉस्पिटलात झालं. त्यातलं आजही आठवतं ते कानामागून मानेवर ओघळलेलं पित्त. हात दोन्ही बाजूंना बांधलेले, मान वळवून ट्रेमध्ये ओकत होते, आणि नेमक्या त्याच वेळी सिस्टर म्हणाल्या, "बघा, मुलगी झाली." मला बघताच आलं नाही. नंतर विचारलं तर उत्तर एवढंच, "सिझरमध्ये होतं असं."

म्हणून इथे नाव घालतानाच सांगितलं की भूल देणाऱ्या मॅडमना मला आधी भेटायचंय. आदल्या संध्याकाळी त्या रूमवर आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घाटात गाडी लागते का?" लागते, आंबा घाट मी डोळे मिटूनच उतरते. गाडी लागणाऱ्यांना आणि आधी उलट्या झालेल्यांना हा त्रास जास्त होतो, तेव्हा एकाच औषधावर भागवायचं नाही, असं त्यांनी तिथेच ठरवलं. रात्री 10 नंतर जेवण बंद, पण साधं पाणी सकाळी 6 पर्यंत चालेल म्हणाल्या. ऑपरेशन साडेआठला होतं.

कारणही नीट समजावलं. पाठीतल्या भुलीच्या इंजेक्शनने कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी एकदम उतरतं आणि त्यानेच मळमळतं. म्हणजे उलटीचं औषध देण्याआधी बीपी सांभाळायचं. मला हे पाच वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं!

ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, इंजेक्शन झाल्याबरोबर मला आडवं करून उजव्या कुशीखाली उशी सरकवली, म्हणजे पोटाचा भार मोठ्या शिरेवर येत नाही. सलाईन जोरात सुरू, शेजारी पंपावर बीपी वर ठेवणारं फिनाइलेफ्रिन, उलटीचं औषध ऑन्डान्सेट्रॉन 4 मिलिग्रॅम आधीच दिलेलं. दंडावरचा पट्टा दर मिनिटाला आवळत होता. मध्येच तोंडाला पाणी सुटलं, कानात गुंई झालं. "मॅडम, कसंतरी होतंय," म्हटलं. मॉनिटरवर बीपीचा वरचा आकडा 92 होता. त्यांनी पंपाचं बटण दाबलं, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि आकडे मोठ्याने वाचत राहिल्या: 98, 106, 114. मळमळ ओसरली. बाळ बाहेर आल्यावर उलटीचं दुसरं औषध, डेक्सामेथासोन, दिलं. गर्भाशय आकसायचं इंजेक्शनही त्यांनी मुद्दाम सावकाश सोडलं, कारण ते घाईने दिलं तरी बीपी पडतं. पोटात ओढल्यासारखं होण्याआधी प्रत्येक वेळी सांगत होत्या.

मुलगा माझ्या गालाला लावला तेव्हा तो गरम आणि चिकट होता. मी त्याला पोटभर बघितलं.

तक्रार एकच, पण ती महत्त्वाची आहे. रात्री दोनला पुन्हा मळमळायला लागलं. बेल दाबल्यावर सिस्टर यायला चाळीस मिनिटं लागली, आणि उलटीचं जादा इंजेक्शन कागदावर लिहिलेलं असूनही त्यांना ते माहीत नव्हतं. टाके ताजे असताना उमासा दाबून धरणं काय असतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल. ओटीतली काळजी रात्रपाळीपर्यंत पोचायलाच हवी.

मॅडमची फी बिलात वेगळी लागते. मला ती पूर्ण पटली. त्यांची आदल्या दिवशीची भेट आपोआप ठरत नाही, काउंटरवर सांगून ठेवा. आणि आधी उलट्या झाल्या असतील तर ते केसपेपरवर लिहूनच घ्या.