जर्सी छपाईचं दुकान: रंग पक्का, शुद्धलेखन कच्चं

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मालकानंच हात जोडले, “सर, एका नगाचं काम तुमच्यासाठी केलं. नाव टाकसान तं सारा तालुका एकेक नग घेऊन येईन.” दिग्रसच्या बसस्टँडवरून पायी दहा मिनिटं, दारात कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स वाळत घातलेला, आत दोन हीट प्रेस आणि लग्नपत्रिकांचे गठ्ठे. आजूबाजूच्या शाळांच्या कबड्डी-खोखोच्या जर्सी बहुतेक इथूनच जातात.

मी तासिका तत्त्वावर शारीरिक शिक्षण शिकवतो. अकरा वर्षांत सात शाळा झाल्या. आर्णी, घाटंजी, दारव्हा, पुन्हा आर्णी, असं चालू आहे. जूनमध्ये अर्ज करायचा आणि मार्चमध्ये “पाहू पुढच्या वर्षी” ऐकायचं. एका शाळेकडे आठ महिन्यांच्या तासिकांचे पैसे अजून अडकलेत, ते असो. सध्याच्या शाळेत पोरांची बास्केटबॉल टीम उभी केली. मैदान मुरमाचं, रिंग वेल्डिंगवाल्यानं सळईची करून दिलेली, दहा फुटांना चार बोटं कमीच. पण जर्सी तरी धड असावी म्हणून बारा नग टाकले.

आधी कामाचं बोलतो. नगाला २९० रुपये पडले, डॉट-निट पॉलिस्टर, सब्लिमेशनची छपाई. यात शाई गरमीनं वाफ होऊन धाग्यातच शिरते, म्हणून सोलून निघत नाही. सुती कापडावर ती धरत नाही, आणि शाईत पांढरा रंग नसतो, त्यामुळे मूळ कापड पांढरंच घ्यावं लागतं. मागच्या शाळेत दुसऱ्या दुकानातून व्हिनाइलचे, म्हणजे प्लास्टिकच्या पातळ पट्टीचे, आकडे चिकटवून घेतले होते. तिसऱ्या धुण्यात ८ नंबरचा ३ झाला आणि पोरगा स्कोअरशीटवर दोनदा लागला. इथल्या जर्सी वर्षभर घामात, सोड्याच्या पाण्यात, उन्हात वाळल्या, रंग हललेला नाही. शिवण मात्र बगलेत उसवते, घरी दुहेरी टीप मारून घ्या.

दुसरी तक्रार आकड्याची. पुढचा आकडा किमान ८ सेंटिमीटर आणि पाठीवरचा १६ हवा असा नियम आहे. आमचे पैसे एका कृषी केंद्रानं दिले, म्हणून छातीवर ‘बी-बियाणे, खते, कीटकनाशके’ एवढं मोठं आलं की आकडा बिचारा पाच सेंटिमीटरवर आक्रसला. पंचांनी समजून घेतलं. दुकानदाराला नियम कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

आता तेरावा नग. तो माझा स्वतःचा. मला इश स्मिथची जर्सी हवी होती, अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला खेळाडू. मालकानं मोबाइलवर फाइल उघडली आणि विचारलं, “कोनत्या टीमची?” इथंच गाडी अडली.

“तेरा टीम आहेत,” मी म्हणालो.

“तेरा? मानूस एका जागी टिकत काऊन नाही? भांडखोर हाय का?”

प्रेस तापायला वेळ होता, म्हणून सगळं सांगितलं. सहा फुटांचा माणूस, एनबीएच्या मानानं बुटकाच. २०१० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू पाळीपाळीनं निवडतात त्यात, साठ जणांची नावं पुकारली, त्यात हा नाही. ह्यूस्टननं घेतलं, हंगाम सरायच्या आत मेम्फिसला दिलं. पुढं गोल्डन स्टेट, ऑर्लँडो, मिलवॉकी, फिनिक्स, ओक्लाहोमा सिटी, फिलाडेल्फिया, न्यू ऑर्लिन्स. भांडण कुठंच नाही. कुणाचा मुख्य गडी जखमी झाला की याला बोलवायचं, तो बरा झाला की याला मोकळं करायचं. सगळ्यात मला आवडते ती डिसेंबर २०१५ ची गोष्ट. फिलाडेल्फियानं त्याला उन्हाळ्यात जाऊ दिलं होतं. मग नवा हंगाम लागला आणि ३१ सामन्यांत ३० हरले. तेव्हा न्यू ऑर्लिन्सला ड्राफ्टचे दोन हक्क मोजून त्यालाच परत आणलं.

मालक म्हणाला, “हे तं आमच्या सालदारासारखं झालं. पाडव्याले सोडला अन् पेरनीत पुन्हा बलावला.”

फरक एवढाच की त्या सालदाराला २०१६ मध्ये डेट्रॉइटनं तीन वर्षांचे १ कोटी ८० लाख डॉलर कबूल केले. तीन वर्षं सलग एकाच गावी, हाच त्याचा सगळ्यात लांब मुक्काम. नंतर वॉशिंग्टन, मग आपलं जन्मगाव शार्लट, तिथून पुन्हा वॉशिंग्टन आणि २०२२ मध्ये डेन्व्हर. तेरावी टीम. तोवर बारा टीमपुढं कुणी गेलं नव्हतं. २०२३ मध्ये डेन्व्हरनं मायामीला ४-१ हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. ती शेवटची मॅच मी १३ जूनच्या सकाळी मोबाइलवर पाहिली. मृग लागून पाच-सहा दिवस झालेले, आभाळ कोरडं, आणि हा बाकावर टॉवेल घेऊन. पण विजेत्या टीमची सोन्याची अंगठी बाकावरच्यालाही मिळते.

मालकानं पाच मिनिटं डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. पाठीवर ‘स्मिथ १४’, कारण डेन्व्हरला त्याचा तोच नंबर होता, आणि खाली तेराही टीमची नावं बारीक अक्षरात, फ्लेक्सवर ‘शुभेच्छुक’ लावतात तशी दोन रांगांत. डाव्या रांगेत सात, उजवीत सहा. कुठल्या परदेशी दुकानात असा माल मिळणार नाही. एका नगाचे ४५० घेतले, मी घासाघीस केली नाही.

‘मिलवॉकी बक्स’चं ‘मिलवॉकी बॉक्स’ झालंय. प्रूफ त्यानं रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं, मी झोपेत ‘ओके’ टाकलं. नवीन अर्ध्या पैशात करून देतो म्हणाला. मी नको म्हटलं, पोरांना बॉक्सच आवडतंय.

पाचपैकी चार. एक शिवणीसाठी कापला.

घ्यायला गेलो तेव्हा मालकानं जर्सी उलटून पुढची कोरी बाजू दाखवली. “सर, इथं तुमच्या शाळा टाकतो, फुकट. सात आरामात बसते.” यादी अजून पाठवली नाही. जूनमध्ये आठवी होते का ते पाहतो, मग पाठवतो.