आधुनिक पियानो, जुना पियानो की दोन्ही? अर्ज भरण्याआधी

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांची पियानोची आठवी ग्रेड झाली, वर डिप्लोमाही पदरात पडला, आता परदेशातल्या संगीत महाविद्यालयाचा अर्ज समोर आहे आणि त्यात मुख्य वाद्य लिहायचंय. नुसतं ‘पियानो’ लिहायचं की ‘फोर्टेपियानो’, म्हणजे मोझार्ट-बेथोव्हनच्या काळचा लाकडी चौकटीचा पियानो? मुंबई, पुणे, गोव्यातल्या मोजक्याच मुलांपुढे हा प्रश्न येत असेल, पण ज्यांच्यापुढे येतो त्यांना नीट उत्तर मिळत नाही. चर्चा बहुधा आवाजाभोवतीच फिरते: कोणता गोड, कोणता अस्सल. करिअर ठरवताना मला हा मुद्दा दुय्यम वाटतो. पुढे तुम्हाला काम कोण देणार, ते आधी पाहा.

तरी वाद्यांतला फरक थोडक्यात सांगायला हवा. व्हिएन्नाच्या आन्टोन वॉल्टरने 1782च्या सुमारास बनवलेला मोझार्टचा पियानो पाच सप्तकांचा, 61 पट्ट्यांचा. दोन माणसांना उचलता येईल इतका हलका, हातोड्यांवर चामडं, पेडलऐवजी गुडघ्याने दाबायच्या दांड्या. आजचा स्टाइनवे ‘डी’ 88 पट्ट्यांचा, पावणेतीन मीटर लांब, वजन पाचशे किलोच्या आसपास, आत लोखंडी चौकट. जुन्या पियानोवर सुराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, लवकर विरते, पण प्रत्येक स्वर गाण्यातल्या व्यंजनासारखा स्वच्छ उमटतो. पट्टी फार खोल जात नाही. खांद्यापासून वजन टाकायची जी सवय वर्षानुवर्षं अंगी बाणवलेली असते, ती इथे अडचणच ठरते. जोर केला की वाद्य कर्कश ओरडतं.

आता कामाचं. आधुनिक पियानोचा रस्ता अजूनही मोठ्या स्पर्धांवरून जातो. वॉर्साची शोपाँ स्पर्धा 1927पासून चालू आहे, साधारण पाच वर्षांनी येते. 2021मध्ये ब्रूस लिऊ जिंकला, 2025मध्ये एरिक लू. जिंकणाऱ्याला वाद्यवृंद आणि ध्वनिमुद्रण कंपन्या शोधत येतात. बाकीचे पुढच्या स्पर्धेच्या तयारीला लागतात आणि दहा-बारा वर्षं अशीच जातात. या रस्त्याचे फायदेही खरे आहेत: बाखपासून प्रोकोफिएव्हपर्यंत सगळं तुमचं, आणि कुठल्याही मोठ्या सभागृहात वाद्य तयार असतं. आपण फक्त बोटं घेऊन जायचं.

फोर्टेपियानोच्या जगात परीक्षकांपेक्षा सहवादकांचा शब्द चालतो. फोर्टेपियानोवादक क्रिस्टियान बेझुइडेनहाउट 1979मध्ये दक्षिण आफ्रिकेत जन्मला, ऑस्ट्रेलियात वाढला, अमेरिकेत ईस्टमन संगीत विद्यालयात शिकला. 21व्या वर्षी बेल्जियममधल्या ब्रुजची जुन्या संगीताची स्पर्धा जिंकून तो नावारूपाला आला, हे खरं. पण त्याचं करिअर उभं राहिलं ते त्यानंतरच्या संगतीवर. फ्रायबुर्ग बारोक ऑर्केस्ट्रासारख्या वाद्यवृंदाला पियानोवर बसूनच दिशा द्यायची, मार्क पॅडमोरसारख्या गायकाबरोबर श्यूबर्टची गीतं करायची, आणि जोडीला मोझार्टच्या एकल रचनांची ध्वनिमुद्रणं. इथे बोलावणं येतं ते साथ चांगली करता म्हणून, मूळ हस्तलिखित वाचता येतं म्हणून, तालमीत समोरच्याचं ऐकता म्हणून. ज्यांना एकट्यानेच मंच गाजवायचाय, त्यांना हे जग लवकर कंटाळवाणं होईल.

बेझुइडेनहाउटच्या गुरूंपैकी एक माल्कम बिल्सन. 1968मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवायला लागलेले बिल्सन आधी आधुनिक पियानोचेच वादक होते. फिलिप बेल्टने बनवलेल्या जुन्या पियानोच्या प्रतिकृतीने त्यांची वाट बदलली. 1994मध्ये न्यूयॉर्कला बेथोव्हनचे सगळे सोनाटा, म्हणजे एकल पियानोच्या मोठ्या रचना, सादर करताना त्यांनी ते एकट्याने वाजवले नाहीत, सहा माजी शिष्यांबरोबर वाटून घेतले. या क्षेत्राचा स्वभाव त्या एका निर्णयात दिसतो. पोटापाण्याचं सांगायचं तर इथे बहुतेकांना विद्यापीठाची खुर्ची लागते, आणि अशा खुर्च्या थोड्या आहेत.

अलीकडे इथेही स्पर्धेचं वारं शिरलंय. शोपाँ संस्थेनेच 2018मध्ये जुन्या वाद्यांवरची वेगळी स्पर्धा सुरू केली. पहिली टोमाश रिटरने जिंकली, 2023ची एरिक गुओने. शोपाँ म्हटल्यावर फक्त स्टाइनवे डोळ्यांसमोर येणाऱ्यांनी त्या फेऱ्या जरूर ऐकाव्यात.

खर्चाची आणि कष्टाची बाजू कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. मैफलीसाठी फोर्टेपियानो बहुतेक वेळा कुठून तरी आणावा लागतो, आणल्यावर सूर हलतात, आणि ऐनवेळी सूर लावायला तुम्हीच असता. ट्यूनिंग येत नसेल तर हा रस्ता घेऊच नका. स्वतःचं वाद्य हवं तर चेक प्रजासत्ताकातल्या पॉल मॅकनल्टीसारख्या कारागिराकडून प्रतिकृती बनवून घ्यायची. ती मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत ठेवायचा विचार करून बघा.

तिसरा रस्ता दोन्ही वाजवणाऱ्यांचा. मला सर्वांत जास्त पटतो तो हाच, आणि सर्वांत महागही हाच. रोनाल्ड ब्राउटिगाम हे नाव लक्षात ठेवा. जन्म 1954, ॲमस्टरडॅमचा. पुढे लंडनला जॉन बिंगहॅम आणि अमेरिकेत रुडॉल्फ सर्किन यांच्याकडे शिक्षण. 1984मध्ये डच संगीत पुरस्कार. म्हणजे पाया पूर्ण आधुनिक पियानोचा. त्यावर हायडन, मोझार्ट आणि बेथोव्हन यांच्या एकल रचनांचे मोठे संच त्याने फोर्टेपियानोवर केले, बीआयएस या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी. बेथोव्हनचे कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, त्याने आधी स्वीडनमधल्या नॉरशॉपिंगच्या वाद्यवृंदाबरोबर आधुनिक पियानोवर मुद्रित केले, मग कोल्नर अकादमी या जर्मन वाद्यवृंदाबरोबर पुन्हा जुन्या पियानोवर. वादक तोच, रचना त्याच, वाद्यं दोन. निर्णय घेणाऱ्याला याहून चांगली तुलना कुठे मिळणार? तिसरा कॉन्चेर्टो दोन्हींत ऐका. संथ भागात आस कमी पडते म्हणून तो जुन्या वाद्यावर वाक्य कसं वेगळं बांधतो, ते पकडता आलं तर तुमचा कान या कामाचा आहे.

व्हिएन्नाचा पाउल बाडुरा-स्कोडा (1927–2019) याने तर बेथोव्हनचे 32 सोनाटा दोन्ही प्रकारच्या वाद्यांवर मुद्रित केले. घरात वाद्यांचा संग्रह, पत्नी एव्हा संगीताची अभ्यासक, मोझार्टवरचं पुस्तक दोघांनी मिळून लिहिलेलं. असा संसार सगळ्यांच्या नशिबी नसतो! अलेक्झांडर मेल्निकोव्ह एकाच अल्बममध्ये श्यूबर्ट, शोपाँ, लिस्ट आणि स्ट्राविन्स्की यांच्यासाठी चार वेगळे पियानो घेतो. आणि मेल्विन टॅन: सिंगापूरला जन्म, 12व्या वर्षी इंग्लंडच्या मेनुहिन संगीत शाळेत. नाव झालं फोर्टेपियानोवर. बेथोव्हनला 1817मध्ये भेट पाठवलेला ब्रॉडवुड पियानो, जो पुढे लिस्टकडे होता आणि आता बुडापेस्टच्या संग्रहालयात आहे, त्यावरही त्याने वादन केलं. नंतर तो आधुनिक पियानोकडे परतला. परत येता येतं, हे त्याच्याकडून शिकावं.

पण दोन्ही वाद्यांवरचा हात जिवंत ठेवायचा म्हणजे रियाज दुप्पट. शिवाय दोन्ही गोटांतले पंडित तुम्हाला दुसऱ्या गोटातला समजतात. विशीत हे फार बोचतं.

माझा कौल असा. रॅकमानिनोव्ह ऐकून पियानोकडे आला असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, आधुनिकच घ्या. शिकून भारतात परतायचं पक्कं असेल तरीही आधुनिकच, कारण शिकवायला समोर वाद्य तेच असेल. फक्त फोर्टेपियानो त्यांनीच घ्यावा ज्यांना अठराव्या शतकातले वादनग्रंथ वाचताना रात्र सरलेली कळत नाही आणि साथ करण्यात कमीपणा वाटत नाही. उरलेल्यांनी पहिली पदवी आधुनिक पियानोत करावी, पण अशा ठिकाणी जिथे जुना पियानो जोडविषय म्हणून घेता येईल. द हेग, ॲमस्टरडॅम आणि बाझेल इथे ही परंपरा पक्की आहे. मुख्य वाद्याच्या जागी ‘पियानो’ लिहा आणि अर्ज पाठवण्याआधी विभागाला मेल करून विचारा की जोडविषयवाल्याला फोर्टेपियानोवर रियाजासाठी आठवड्याला किती तास मिळतात. उत्तरात तासांचा आकडा नसेल तर दुसरं महाविद्यालय बघा.